स्टेअरिंग जड जाऊन राहिली, वयनी

भाऊजी, तुमची तेरवी होऊन गेली. मंडप सुटला, पाहुणे आपापल्या गावाला गेले, आणि आज सकाळी मी दुकानाचं शटर वर ढकललं तर समोर नेहमीच्या जागी तुमची व्हॅन उभी. सवयीनं मान वाकवून मी काचेतून आत पाहिलं. आत कोणी नव्हतं. कोणी नसणार हे मला ठाऊक आहे, मी काही वेडी नाही. पण तुम्ही गेल्यापासून येताजाता रोज पाहते. हे असं किती दिवस चालणार, ते मला कोणी सांगत नाही.

माणूस असा जातो का हो? सकाळी माझ्याशी भांडून, चहा अर्धा टाकून, शिट्टी वाजवत सानगडीच्या फेरीला निघालेला माणूस दुपारी नसतो, असं असतं का कुठं? आजारी पडायचं, दवाखान्यात पडून राहायचं, आम्हाला कंटाळा आणायचा, थोडी तरी तयारी करून घ्यायची. तुम्हाला कधी दम नव्हताच. लग्नाच्या पंगतीतसुद्धा पहिल्या वाढपानंतरच उठायचात.

सगळे सांगतात ते असं. पोळ्याचा आदला दिवस होता. सानगडीहून साकोलीवरून सवाऱ्या घेऊन तुम्ही भंडाऱ्याच्या अलीकडं कारध्यापर्यंत आलात. पुलाच्या तोंडाशी गाडी क्षणभर बाजूला घेऊन वैनगंगेला हात जोडायचे, ही तुमची पहिल्या गाडीपासूनची रीत. नेहमीच्या सवाऱ्यांनाही ती पाठ झालेली. काही जण तुमच्याबरोबर तिथूनच हात जोडायचे. त्या दिवशीही तुम्ही गाडी डावीकडे घेतली. जराशी हेलकावत गेली म्हणतात. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, आणि स्टेअरिंगवर कपाळ टेकलंत. मागं सगळे चुपचाप बसून राहिले. पळसाच्या डहाळ्यांचा भारा मांडीवर घेऊन तुमच्या पाठीमागं बसलेली म्हातारी मला तेरवीला सांगत होती, "आमाले वाटलं, भाऊ गंगेच्या पाया पडून राहिले. आज जरा जास्तच येळ पडले, म्हनलं, पडू दे. सणाचा दिस आहे." शेवटी कोणीतरी म्हणालं, चला ना भाऊ, उशीर होऊन राहिला. मग त्यानं खांद्याला हात लावला.

गाडीभर माणसं तुमच्या नमस्काराचा मान राखत बसली होती. मला हे ऐकल्यापासून अन्न गोड लागत नाही.

खबर घेऊन जो पोरगा दुकानात धावत आला, त्याच्या तोंडून "पुलाजवळ" आणि "गाडी" एवढं निघालं आणि मी काय विचारावं? मी विचारलं, "स्टेअरिंग जाम झाली का?" तुम्ही कसे आहात हे नाही विचारलं. पार्टच्या दुकानातली बाई, तिला पार्टच सुचला. पण तसं सुचायला कारण होतं, आणि ते कारण तुम्हाला माहीत आहे. महिनाभर तुम्ही दुसरं काही बोलतच नव्हता.

तुम्ही मला वयनी म्हणत आलात, मी तुम्हाला भाऊजी. तुमच्या थोरल्या भावाशी लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तुम्हाला मिसरूड धड फुटलं नव्हतं. घरात हातमाग चालायचे. मामंजी विणायचे, सासूबाई आणि मी सुताच्या कांड्या भरायचो. पुढं माग थंडावले, तुमच्या दादांनी बसस्टँडजवळ मोटारींच्या पार्टचं दुकान टाकलं. ते मालासाठी नागपूरला जायचे, म्हणून गल्ल्यावर मी बसू लागले. भंडाऱ्यात तेव्हा पार्ट विकणारी बाई ही पाहायला यायची गोष्ट होती. ड्रायव्हर लोक पार्ट मागायचे आणि आपसात हसायचे. तुम्ही मग काय करायचात? गर्दीच्या वेळी यायचात, काळाकुट्ट, तुटका काहीतरी तुकडा गल्ल्यावर आपटायचात आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचात, "वयनी, मिस्त्री हार मानला. हा पार्ट कोणता होय, तुमीच सांगा." मी तो हातात फिरवून नाव सांगायची, कोणत्या गाडीचा, कोणत्या बाजूचा, तेही सांगायची. ड्रायव्हरांचे चेहरे पाहण्यासारखे व्हायचे. आदल्या संध्याकाळी ओसरीवर तुम्हीच तो माझ्या हातात देऊन शिकवलेला असायचा, हे बाजाराला कधी कळलं नाही. त्या नाटकावर माझं दुकान उभं राहिलं, भाऊजी. तुमच्या तोंडावर मी हे कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही लगेच डोक्यावर बसला असता.

तुमची पहिली व्हॅन आठवते? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जुनी विकत आणलेली. पेट्रोल पिणारी, समोरची काच दोन तुकड्यांची, मध्ये पट्टी. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, पत्र्याच्या पेटाऱ्याखाली. उन्हाळ्यात तिथं बसलेल्याचे पाय भाजून निघायचे. ब्रेकला सगळ्या चाकांत मिळून एकच नळी. ती फुटली की ब्रेक गेला, सगळाच गेला. लाखनीच्या बाजारात तुम्ही गाडी थांबवायला भुशाच्या पोत्यांत घातली होती आणि घरी येऊन सांगितलंत, मुद्दामच घातली. दिवे इतके मिणमिणते की तुम्ही म्हणायचात, बैलगाडीचा कंदील बरा.

मग दुसरी आली, आणि ऐंशीनंतर ही तिसरी. डिझेलची, काच अखंड, दार सरकणारं, बॅटरी भरायला डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, ब्रेकच्या नळ्या दोन वेगळ्या, एक गेली तरी दुसरी धरते. तुम्ही या सुधारणा चालवून ओळखल्या, मी त्या धुळीवरून ओळखल्या. ज्या खोक्याला कोणी हात लावत नाही, त्यावर धूळ चढते. आधी अर्ध्या काचांवर चढली, मग डायनॅमोच्या कार्बनवर, मग प्लगांवर. एखाद्या फळीवर बोट फिरवलं की रस्त्यावर काय बदललं ते मला समजायचं. तुम्ही म्हणायचात, "वयनी, तुमी फडा मारूच नका, आपल्याले इतिहास पुसायचा नाई."

सगळं बदललेलं तुम्ही मानलंत. एकाच ठिकाणी अडून बसलात, ते म्हणजे किंगपिनचे बुश. पुढचं चाक ज्या पोलादी खुंटीवर वळतं ती किंगपिन, आणि तिच्याभोवती बांगडीसारखा बसतो तो बुश. हे बुश पितळेचेच असायचे. अलीकडं नायलॉनचे आले. मी म्हणायची, नायलॉन टाका. आपल्याकडं धानाच्या दिवसांत बांधीतला चिखल रस्त्यावर येतो, पितळेत पाणी शिरतं, ग्रीस धुऊन जातं. तुम्ही म्हणायचात, "प्लास्टिकवर गाडी उभी करू काय? उनात वितळलं त?"

"वितळते म्हणे! कढई होय का ते चाक?"

"वयनी, भंडारा म्हंजे पितळेचं गाव. इथल्या माणसानं पितळ सोडून प्लास्टिक वापरावं? पाणी पेतो आपण पितळेचं, जेवतो पितळेत."

"मंग चाकातच जेवत जा."

कंपनीच्या पितळी बुशांवरही तुमचा विश्वास नव्हता. भांडी ओतणारा तुमचा दोस्त, त्याच्याकडून ओतून घ्यायचे आणि लेथवर उतरवून बसवायचे. मिस्त्री डोकं धरून बसायचा. हा वाद आपला काही वर्षं चालला. शकुन, तुमची बायको, म्हणायची की या दोघांना बोलायला दुसरं काही नाही. नव्हतंच, भाऊजी. आणि ते किती छान होतं, हे आत्ता कळतंय.

आता त्या महिन्यावर येते. यावर यायला मला भीती वाटते.

आषाढ संपता संपता तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, "स्टेअरिंग जड जाऊन राहिली, वयनी." मी माळेतला मणी पुढं सरकवावा तशी पटकन म्हणाले, "तुमचं पितळ धरलं असन. कितीदा सांगितलं?" तुम्ही नेहमीसारखं उलटून बोलला नाहीत. ओठांत हसलात फक्त. मला वाटलं, हरले. पुन्हा आठवड्यानं तेच. डावीकडं वळवताना जास्त जड जाते, म्हणालात. चढावर जास्त. दुकानात येऊन स्टुलावर बसायला लागलात, तुम्ही, ज्यांनी उभ्यानंच चहा प्यायचा. पाणी मागायचात. एकदा डावा खांदा चोळत म्हणालात, "गाडीनं हात भरून आणला, पाहा." मी बामची डबी दिली, शकुनकडून चोळून घ्या म्हटलं. एकदा घामानं शर्ट पाठीला चिकटलेला होता आणि बाहेर पावसाची झड लागली होती. मी म्हटलं, आधी गाडी मिस्त्रीला दाखवा.

तुम्ही दाखवलीत. मिस्त्रीनं स्टेअरिंगचा डबा उघडला, तेल बदललं, टायरची हवा पाहिली. चालवून पाहिली. म्हणाला, "भाऊ, मले त हलकी लागली." तुम्ही त्यालाच वेड्यात काढलंत, "तू पहेलवान होय, तुले काय जड लागते." आम्ही सगळे हसलो. मी, मिस्त्री, तुम्ही. दुकानात बसून, आपापला चहा घेऊन.

आणि मग तो पोळ्याचा आदला दिवस. खांद शेकायचा दिवस. शेतकरी त्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून पळसाच्या पानांनी शेकतात, आणि त्याच्या कानात आवतन देतात, आज आवतन घे, उद्या जेवायला ये. आपण मागावरची माणसं, आपल्याकडं बैल कुठला. तुम्ही पहिल्या गाडीपासून तिचीच खांद शेकायला घेतली. दरवर्षी त्या संध्याकाळी पुढची चाकं उतरवायची, किंगपिनला नवं ग्रीस, वरून हळदीचं बोट, आणि बॉनेटला तोंड लावून आवतन. गल्ली हसायची. वर्षभराच्या फेऱ्यांत गाडी कधी अडली नाही, याचं कारण काही असो, ती संध्याकाळ मला आवडायची. त्या सकाळी तुम्ही म्हणालात, "संध्याकाळी खांद शेकाले या, वयनी. तुमाले एक गंमत दाखवतो." मी म्हटलं, "मले भाकरी टाकायच्या आहेत. तुमच्या पितळेची गंमत मी पाहिली." तुम्ही चहा अर्धा टाकलात आणि गेलात.

तुमच्या मागं बाजारात काय बोललं गेलं, ते सांगू? गाडी हेलकावली, हे सवाऱ्यांनी सांगितलं होतं. तेवढं पुरलं. कोणी म्हणे किंगपिन बसली, कोणी म्हणे चाक धरलं, त्या झटक्यानं माणसाची छाती फुटली. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं, तरी लोकांना गाडीच हवी होती. आणि गाडी म्हटलं की पार्ट, पार्ट म्हटलं की माझं दुकान. एक जण स्मशानातून परतताना तुमच्या दादांना म्हणाला म्हणे, काही इंजिनांचे स्पेअर मिळत नाहीत, साहेब. त्याला आता दुकानात येऊ दे. पण खरं सांगायचं तर बाजाराचं मला काही नव्हतं. मलाच जाणून घ्यायचं होतं. चाक धरलं असेल आणि त्याच्याशी झगडताना तुम्ही गेला असाल, तर त्या चाकात काय होतं, हे कळल्याशिवाय मी त्या गल्ल्यावर पुन्हा बसू शकत नव्हते.

म्हणून आज शटर उघडल्यावर मी मिस्त्रीला बोलावलं. म्हटलं, पुढची दोन्ही चाकं उतरव, माझ्यासमोर. तो हातातली पाना-पेटी न उघडता उभा राहिला. म्हणाला, "वयनी, मले भाऊनं कसम घातली होती."

"कायची?"

"उघडून दाखवतो."

त्यानं जॅक लावला. उजवं चाक काढलं, किंगपिन खाली उतरवली. पिवळाधमक पितळी बुश, तुमच्या दोस्ताच्या हातचा. मग डावीकडं गेला. तिथून जो बुश निघाला तो पांढुरका होता. नायलॉनचा. माझ्या दुकानाचा माल मला ओळखू येतो, भाऊजी. तुमच्या दादांच्या हातून गुपचूप नेला होतात म्हणे. मिस्त्रीनं सांगितलं, चैत्रातच बसवला. एकीकडं तुमचा, एकीकडं माझा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्यासमोर दोन्ही उघडायचे आणि कोणता जास्त झिजला ते पाहायचं, अशी ती गंमत होती. जो हरेल त्यानं वाद सोडायचा. पहिल्यांदा मला हसू आलं, इतकं की मिस्त्री घाबरला. त्यातही पितळ स्वतःच्या बाजूला आणि माझा नायलॉन सवाऱ्यांच्या बाजूला! मी म्हटलं, हा माणूस मेल्यावरसुद्धा लबाडीच करतो.

मग मी मिस्त्रीला विचारलं, "कोण जितलं?"

त्यानं दोन्ही बुश पुसले, खुंटीवर चढवून पाहिले, उजेडात धरले. "दोन्ही बराबर, वयनी. ना याले ढील, ना त्याले."

"मंग धरून कोणतं राहिलं होतं? जड कोणतं?"

त्यानं दोन्ही परत बसवले. चाकाची तबकडी माझ्यासमोर एका बोटानं ढकलली. ती वळली. दुसरीकडं गेला, तीही बोटानं ढकलली, तीही वळली. मला म्हणाला, तुमी फिरवून पाहा. मी ड्रायव्हरच्या सीटवर चढले, तुमच्या जागेवर, आयुष्यात पहिल्यांदा. दोन्ही हातांनी ते मोठं काळं चाक धरलं आणि डावीकडं फिरवलं. ते फिरलं. मी कांड्या भरणाऱ्या हातांची बाई, भाऊजी. ते सहज फिरलं.

स्टेअरिंग जड नव्हतीच.

मी तिथंच बसून राहिले. मिस्त्री खाली उभा होता, त्यालाही त्याच क्षणी समजलं असावं, कारण त्यानं ती तबकडी पुन्हा पुन्हा बोटानं ढकलून पाहिली. महिनाभर एक माणूस आपल्याला सांगत होता की माझा हात चालत नाही, मला दम लागतो, डावीकडं जड जातं, चढावर जास्त जातं. आणि आपण तिघांनी मिळून त्याच्या गाडीचं तेल बदललं. दुसऱ्या कुठल्या घरात असं झालं असतं? शेतकऱ्याच्या घरात म्हटलं असतं, किराण्याच्या दुकानात म्हटलं असतं, तर कोणीतरी म्हणालं असतं, चल डॉक्टरकडं. आपल्याला मात्र गाडीशिवाय काही ऐकूच आलं नाही. तुम्हालाही नाही. तुम्ही स्वतःच्या छातीचं गाऱ्हाणं गाडीच्या नावानं सांगत होता, आणि तुम्हालाच ते ठाऊक नव्हतं. माझा नायलॉन पावसानं फुगला असेल, असं वाटून तर तुम्ही त्या दिवशी ओठांत हसला नसाल? मला हरवायला महिनाभर ते ओझं ओढत राहिलात का? हे विचारायला आता मी कुठं जाऊ?

पुलाजवळ गाडी हेलकावली ती तुमच्या हातांनी. एका हातानं तुम्ही ती बाजूला घेतलीत, आणि सगळ्यांना सुखरूप ठेवून मग डोकं टेकलंत. एवढं मात्र आता मला पक्कं ठाऊक आहे. बाजाराला मी आजच सांगितलं, आवाज चढवून सांगितलं.

मिस्त्री म्हणाला, दोन्हीकडं एकसारखे बुश टाकू का? मी नको म्हटलं. जसे होते तसे ठेव. तेवढ्यात तुमचे दादा घरातून वाटीत तूप-हळद घेऊन आले. मी काही बोलले नव्हते त्यांना. दोन्ही किंगपिनला त्यांनी हळदीचं बोट लावलं, बॉनेटजवळ गेले, वाकले, आणि तसेच वाकून राहिले. आवतन त्यांच्या तोंडून निघालं नाही. पोळा होऊन गेला होता, आणि जेवायला कोणाला बोलावणार होते ते.

दुपारी कोंढ्याचा एक ड्रायव्हर आला. तुमच्याच वयाचा, पोट सुटलेला, तोंडात तंबाखूचा खर्रा. तुमच्या जाण्याचं दोन शब्द बोलला, मग गल्ल्यावर कोपर टेकून म्हणाला, "वयनी, नायलॉनचा सेट द्या बरं. स्टेअरिंग लय जड जाऊन राहिली."

माझा हात फळीकडं गेला होता. मी तो मागं घेतला आणि गल्ल्याबाहेर आले.

"डावा हात दुखते का?"

"कोनाचा?"

"तुमचा. चढावर दम लागते का? घाम येते का?"

त्यानं बाहेर उभ्या गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "वयनी, मी गाडीचं म्हनून राहिलो."

"ते ऐकलं मी," मी म्हटलं आणि तुमचा स्टूल त्याच्यापुढं ओढला. "बसा इथं. गाडीचं मंग पाहू."